एक निकाल, अनेक पत्ते
(प्रस्तावना)

केशवानंद भारती खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ रोजी दिला. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा असा कौल, आणि राज्यघटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही हा सिद्धांत. निकाल एकच. पण वकिलाच्या टाचणात तो कधी ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ असा येतो, कधी ‘(१९७३) ४ एससीसी २२५’ असा. पहिला पत्ता नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरचा, दुसरा लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीच्या ‘सुप्रीम कोर्ट केसेस’चा. १४६१ आणि २२५ हे त्या त्या खंडातले पृष्ठक्रमांक. म्हणजे निकालाला स्वतःचा पत्ता नव्हताच. तो ज्या पानावर छापला गेला त्या पानाचा पत्ता त्याला चिकटला. कपाटात एआयआरचे खंड असलेल्या वकिलाला एससीसीचा आकडा एकटा उपयोगी पडत नाही, म्हणून जाणते लोक दोन्ही लिहितात आणि हे आकडे ताडून पाहण्याचे काम ज्युनिअरच्या गळ्यात पडते.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालांना स्वतःचे क्रमांक द्यायला सुरुवात केली. ‘२०२३ आयएनएससी १’ : वर्ष, न्यायालय, अनुक्रम. त्यात खंड नाही, पान नाही, प्रकाशक नाही. निकाल कुणीही छापो, कागदावर वाचा की पडद्यावर, क्रमांक तोच राहतो. हे पुस्तक ज्या विषयाचे आहे तो विषय या बदलात जवळजवळ पूर्ण आला. मजकुराला पानापासून सोडवायचे, आणि मजकूर ज्या गोष्टींबद्दल बोलतो त्या गोष्टींना कायमची ओळख द्यायची. बाकीचे सगळे तपशिलाचे काम आहे. तपशील मात्र पुष्कळ आहे, आणि तो संगणक विभागावर सोपवून संपादकाला मोकळे होता येत नाही, हेच मला या पुस्तकात प्रामुख्याने सांगायचे आहे.

प्रकाशनाच्या धंद्यात मजकूर एकदा छापून संपत नाही. कथा आधी दिवाळी अंकात येते, मग लेखकाच्या संग्रहात, मग कुणाच्या तरी ‘निवडक’मध्ये; नशीब जोरावर असेल तर बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात, हल्ली ऑडिओबुकात, एखाद्या वेळी हिंदी किंवा कन्नड अनुवादात. दर मुक्कामी ती नव्याने टंकली जाते, नव्याने तपासली जाते, आणि दर मुक्कामी तिच्यात नव्या चुका शिरतात. संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने शेवट बदलला, तर ‘निवडक’वाल्यांना त्याचा पत्ता नसतो, ते अंकातलाच शेवट छापतात. कार्यालयातल्या संगणकावर ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल करेक्शनसह’ अशा फायली शेजारीशेजारी नांदत असतात, आणि त्यातली प्रेसला कोणती गेली हे ज्या ऑपरेटरला ठाऊक होते तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. अशा घरात ‘आपल्याकडे पन्नास वर्षांचा मजकूर आहे’ असे म्हणणे आणि तो मजकूर हाताशी असणे यांत बरेच अंतर पडते.

यावरचा पहिला उपाय तसा जुना आहे. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी मजकुरावर खुणा करण्याची एक भाषा तयार केली. गोल्डफार्ब पेशाने वकील, आणि ज्या कामातून ही भाषा निघाली ते काम वकिलांच्या कार्यालयातल्या कागदपत्रांचे होते, हे मला योगायोगाचे वाटत नाही. एकच दस्तऐवज पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या कामांसाठी काढावा लागण्याची पीडा वकिलाइतकी कुणाला माहीत असणार? ‘हे जाड टाइपात छापा’ असे न सांगता ‘हे शीर्षक आहे’, ‘हा संदर्भ आहे’ असे सांगायचे, आणि जाड की बारीक ते छापणाऱ्याने ठरवायचे, ही त्यामागची कल्पना. तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि १९९८ मध्ये एक्सएमएल. आजचे ई-पुस्तकही आतून याच कुळातले.

खुणा केलेला मजकूर पानापासून सुटतो खरा, पण फायलीत अडकलेलाच राहतो. या फायलीतले ‘साने गुरुजी’ आणि त्या फायलीतले ‘पां. स. साने’ एकच गृहस्थ आहेत हे खुणांना कळत नाही. तेवढ्यासाठीच लिंक्ड डेटा लागतो.

टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये एका टिपणात त्याचे चार नियम सांगितले. प्रत्येक गोष्टीला यूआरआय, म्हणजे वेबवरचा एक पत्ता, नाव म्हणून द्या. तो पत्ता उघडता येईल असा असू द्या. उघडल्यावर त्या गोष्टीची माहिती ठरलेल्या मानकांत मिळू द्या. आणि त्या माहितीत दुसऱ्या गोष्टींच्या पत्त्यांकडे जाणारे दुवे ठेवा. ‘गोष्ट’ म्हणजे इथे वेबपान नव्हे. माणूस, गाव, पुस्तक, कलम, रोग, पीक, काहीही. माहिती लिहिण्याची रीत आरडीएफ या १९९९च्या मानकाने दिली, आणि ती अगदी सोपी आहे. प्रत्येक विधानाचे तीन भाग : कशाबद्दल, कोणते नाते, कशाशी.

‘श्यामची आई’ घेऊ. या पुस्तकाचे लेखक पांडुरंग सदाशिव साने. साने यांचे जन्मगाव पालगड. पुस्तकाचे प्रथम प्रकाशन १९३५. पुस्तकावरून काढलेला चित्रपट ‘श्यामची आई’. चित्रपटाचे दिग्दर्शक प्रल्हाद केशव अत्रे. चित्रपटाला मिळालेला पुरस्कार, पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक. विधाने जेमतेम अर्धा डझन, पण त्यातच ‘श्यामची आई’ या नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आल्या. पुस्तक १९३५चे, चित्रपट १९५३चा. एकाला लेखक, दुसऱ्याला दिग्दर्शक. माणसाला संदर्भावरून कळते. यंत्राला कळायचे तर दोन पत्ते लागतात. पत्ते दिले की दुसरी सोय आपोआप होते : यातली सगळी विधाने एकाच संस्थेने करण्याची गरज उरत नाही. प्रकाशकाने आपल्या पुस्तकाबद्दल बोलावे, चित्रपटाचे संग्रहालय चित्रपटाबद्दल बोलेल, पालगड कोणत्या तालुक्यात येते ते तिसरा कुणी सांगेल. पत्ते जुळले की विधाने जुळतात.

आता याच पुस्तकाच्या प्रती मोजायला बसा. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संपली की, पुढच्या १ जानेवारीपासून, म्हणजे इथे २०११ पासून, पुस्तक सर्वांचे झाले. तेव्हापासून ‘श्यामची आई’ कोण छापते यापेक्षा कोण छापत नाही हे विचारणे सोपे. प्रत्येक प्रकाशकाचा आयएसबीएन वेगळा. एकाच प्रकाशकाच्या साध्या आणि पुठ्ठा बांधणीचाही वेगळा. ई-पुस्तकाचा आणखी वेगळा. आयएसबीएन विकाऊ वस्तूला दिला जातो, कृतीला नाही. दुकानदाराला तो पुरतो. पण ‘हे सगळे एकच पुस्तक आहे’ हे त्या तेरा आकड्यांत कुठेही लिहिलेले नाही. ग्रंथपालांच्या जागतिक संघटनेने, इफ्लाने, १९९८ मध्ये यासाठी चार पायऱ्या मांडल्या : कृती, तिचे एखाद्या भाषेतले किंवा पाठातले रूप, त्या रूपाचे प्रकाशन, आणि हातातली प्रत. मराठी संपादकाला हे नवे वाटायचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर ज्याने एक संध्याकाळ काढली आहे त्याला कृती आणि पाठ यांतला फरक शिकवावा लागत नाही. फक्त तो फरक डेटाच्या रकान्यांत उतरवायचा आहे.

प्रकाशनाच्या जगात हे सगळे कसाला लागलेले सर्वांत गाजलेले उदाहरण बीबीसीचे, २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाचे. संघ ३२, गट ८, प्रत्येक संघात २३ याप्रमाणे खेळाडू ७३६. प्रत्येक संघाला, गटाला, खेळाडूला स्वतःचे पान द्यायचे तर सातशेहून अधिक पाने होतात, आणि रोज बदलणारी इतकी पाने हाताने लावत बसायला जगात कुठल्याही वृत्तकक्षात माणसे नसतात. बीबीसीने पाने लावणेच बंद केले. वार्ताहराने बातमी लिहायची आणि ती कुणाबद्दल आहे एवढेच सांगायचे : फ्रँक लँपार्ड. लँपार्ड इंग्लंडच्या चमूत आहे, इंग्लंड ‘क’ गटात आहे, ‘क’ गट या स्पर्धेचा भाग आहे, ही विधाने डेटाच्या साठ्यात आधीच होती. त्यामुळे तीच बातमी खेळाडूच्या, संघाच्या आणि गटाच्या पानावर आपसूक जाऊन बसे. दोन वर्षांनी लंडन ऑलिंपिकला हीच रीत दहा हजारांहून अधिक खेळाडूंसाठी वापरली गेली.

या उदाहरणाची तारीफ करताना बहुतेक जण साठ्याच्या तंत्रज्ञानाबद्दल बोलतात. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. ‘ही बातमी कुठे लावू?’ हा प्रश्न जाऊन ‘ही बातमी कशाबद्दल आहे?’ हा प्रश्न वार्ताहरापुढे आला. पहिला प्रश्न मांडणीचा, दुसरा संपादनाचा. लँपार्डचे नाव ओझरते आले आहे की बातमी खरोखर त्याची आहे, हे यंत्र सुचवू शकते, ठरवायचे माणसाने. बीबीसीच्याच संगीत विभागाने कलावंतांची स्वतःची यादी न बनवता म्युझिकब्रेन्झ या खुल्या कोशाचे क्रमांक घेतले, आणि कोशात चूक दिसली तर त्यांची माणसे तिथेच जाऊन दुरुस्ती करत. घरची यादी सोडून सार्वजनिक यादी सुधारायची, हा निर्णय कुठल्याही सॉफ्टवेअरने घेतलेला नव्हता.

न्यूयॉर्क टाइम्सने २००९ मध्ये आपल्या सूचीतली पाच हजार व्यक्तिनामे खुली केली. पिढ्यान्‌पिढ्या कात्रणांवर घातलेली ही नावे त्यांनी डीबीपीडिया आणि फ्रीबेस या कोशांतल्या नोंदींशी हाताने पडताळून जोडली होती. त्याच्या पुढच्या वर्षी गुगलने फ्रीबेस विकत घेतला आणि २०१६ मध्ये तो बंद केला. माहिती विकिडेटा या खुल्या कोशाच्या हवाली झाली, पण फ्रीबेसकडे जाणाऱ्या जुन्या दुव्यांचे दुसरे टोक नाहीसे झाले. ‘नेचर’च्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये १८६९ पासूनच्या साडेचार लाखांहून अधिक लेखांची विधाने, सुमारे दोन कोटी, सर्वांना मोफत दिली. जर्मनीत वोल्टर्स क्लुवर या कायद्याच्या प्रकाशकाने कामगार कायद्याचा आणि न्यायालयांचा शब्दसंग्रह खुला केला. याविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे; इथे एवढेच नोंदवतो की यातल्या प्रत्येकाने खुली केली ती नावे आणि नाती; विकायचा मजकूर त्यांनी आपल्याकडेच ठेवला.

मग प्रकाशकाचे म्हणून नेमके काय उरते? या प्रश्नाला आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने एक उत्तर देऊन ठेवले आहे, आणि प्रकाशन व्यवसायात ते जितके वाचले जायला हवे होते तितके वाचले गेलेले नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, निकाल डिसेंबर २००७चा. सीडीवर निकालांचे संग्रह विकणाऱ्यांनी आपल्या एससीसीतला मजकूर उचलला, अशी कंपनीची तक्रार होती. न्यायालयाने म्हटले की निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा आहे. शुद्धलेखन सुधारले, दुसऱ्या अहवालांतले समांतर पत्ते घातले, एवढ्याने प्रकाशकाचा हक्क निर्माण होत नाही. श्रम झाले असतील, पण किमान सर्जनशीलता दिसली पाहिजे. मात्र सलग निकालाचे परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणे, एका परिच्छेदातून दुसऱ्याचा हवाला देणे, कोणता न्यायाधीश सहमत आणि कोणता असहमत हे नोंदवणे, या कामांना कायद्याची समज लागते, म्हणून त्यांवर कंपनीचा हक्क मान्य झाला. निकालाचे सार सांगणाऱ्या शीर्षटिपांचाही.

हा निर्णय संपादकाने टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. परिच्छेदाला क्रमांक देणे म्हणजे मजकुराच्या एका तुकड्याला पत्ता देणे. अंतर्गत हवाला म्हणजे दोन पत्त्यांमधला दुवा. ‘असहमत’ म्हणजे त्या दुव्याला दिलेले नाव. न्यायालयाने लिंक्ड डेटा हा शब्दही उच्चारला नाही, पण प्रकाशकाची कमाई म्हणून त्याने बोट ठेवले ते नेमके रचनेवर. अक्षरे जुळवण्यावर ठेवले नाही.

दुव्याला नाव असणे ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. मराठी विश्वकोशाच्या वीस खंडांत हजारो नोंदींच्या शेवटी ‘पहा’ आहे. वाईच्या संपादकांनी ते किती कष्टाने जुळवले असेल याची कल्पना सूचीचे काम केलेल्यांना येईल. पण ‘पहा’ इकडून तिकडे जायला सांगतो. का जायचे ते सांगत नाही. ती नोंद हिच्यापेक्षा व्यापक आहे, हिचाच पोटभेद आहे, की नुसती शेजारची आहे? वाचक तिथे जाऊन समजून घेतो. यंत्राला आधीच सांगावे लागते. २००९ मध्ये आलेले स्कॉस हे मानक त्यासाठीच आहे : प्रत्येक संकल्पनेला एक मुख्य नाव, हवी तितकी पर्यायी नावे, आणि व्यापक, संकुचित, संबंधित अशी तीन प्रकारची नाती.

शेतीविषयक मजकुरात याचा फायदा लगेच दिसतो. एका लेखात ‘कापूस’, दुसऱ्यात ‘कपाशी’, विदर्भातल्या लेखकाच्या लेखात ‘पऱ्हाटी’. गुलाबी बोंडअळीवरचा लेख शोधणाऱ्या शेतकऱ्याने यातला कोणताही शब्द टाकला तरी त्याला तिन्ही लेख मिळाले पाहिजेत. संकल्पना एक, मुख्य नाव ‘कापूस’, बाकीची पर्यायी. मग तीच संकल्पना जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या ॲग्रोव्हॉक या कोशाशी जोडायची. त्यात चाळीस हजारांहून अधिक संकल्पना अनेक भाषांत बांधलेल्या आहेत. जोडणी झाली की आपला लेख त्या भाषांतल्या मजकुराच्या पंगतीला जाऊन बसतो, आणि त्यासाठी आपल्या लेखातला एकही शब्द बदलावा लागत नाही. पऱ्हाटीची पऱ्हाटीच राहते.

आता आपल्या खास अडचणी. तंत्राच्या पुस्तकांत त्या सापडत नाहीत, म्हणून या पुस्तकाचा मोठा भाग मी त्यांना दिला आहे.

पहिली नावांची. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर एकच. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी एकच. नाटके गडकऱ्यांची, कविता गोविंदाग्रजांच्या. ग्रंथालयाची रीत म्हणते की माणूस एक, म्हणून नोंद एक, बाकी पर्यायी नावे. आयएसएनआय हे आंतरराष्ट्रीय मानक मात्र लोकांसमोर वावरणाऱ्या ओळखीला क्रमांक देते. तिथे टोपणनावाला वेगळा क्रमांक मिळू शकतो. माझे मत असे की माणसाला एकच पत्ता द्यावा आणि प्रत्येक कृतीच्या नोंदीत ‘मुखपृष्ठावर छापलेले नाव’ असा निराळा रकाना ठेवावा. आरती प्रभूंच्या कविता मागणाऱ्याला खानोलकरांची कादंबरी ‘कोंडुरा’ देऊ नये, पण कवी आणि कादंबरीकार एक हे विचारणाऱ्याला कळलेही पाहिजे. काही संपादकांना हे पटत नाही. कवीने घेतलेले नाव म्हणजे त्याने निर्माण केलेली स्वतंत्र व्यक्ती, असे ते म्हणतात, आणि समीक्षक म्हणून त्यांचे बरोबरही असेल. मानधनाचा हिशेब करताना मात्र ती व्यक्ती एकाच वारसाकडे जाते.

दुसरी गावांची. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव. पर्यटनाची, भूगोलाची, वार्षिक संदर्भाची पुस्तके काढणाऱ्यांनी काय करायचे? सगळ्या फायलींवर ‘शोधा आणि बदला’ चालवला, तर बिहारमधले औरंगाबादही संभाजीनगर होते, आणि १९६० सालच्या पत्रातला माणूस तेव्हा नसलेल्या नावाच्या शहरातून पत्र लिहू लागतो. शिवाय शहर वेगळे आणि जिल्हा वेगळा. वाक्यात नुसते नाव आले की यातले कोणते हे संपादकालाच ठरवावे लागते. इथे पत्त्याची उपयुक्तता एका क्षणात पटते. विकिडेटात मुंबईचा क्रमांक क्यू ११५६. बॉम्बे म्हणा, बंबई म्हणा, क्रमांक तोच. गावाला क्रमांक दिला, प्रत्येक नावाला ‘कधीपासून कधीपर्यंत’ची नोंद दिली, की जुन्या पत्रात जुने नाव राहते, नव्या मार्गदर्शिकेत नवे येते, आणि दोन्ही नकाशावरच्या एकाच ठिपक्याला जाऊन मिळतात.

तिसरी कालगणनेची, आणि ती लवकर आटोपते. जुन्या मुखपृष्ठांवर शके असते. अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन, असे आपण धरून चालतो. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी एकोणऐंशी मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर शके १८५७ म्हणजे ‘१९३५–३६’ असेच लिहावे. छापलेले शके वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे ठेवावे.

चौथी अडचण सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत खर्चिक : फॉन्ट. पेजमेकरच्या काळात, श्री-लिपी आणि तिच्यासारख्या इतर प्रणालींत जुळवलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण फायलीत रोमन अक्षरांचे सांकेतिक आकडे असतात. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो निव्वळ गोंधळ. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. आपली छपाई पुढे कित्येक वर्षे जुन्या फॉन्टवरच चालली. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्यांचे काम डोळे झाकून स्वीकारू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे उलटे : तिथे तो अक्षरानंतर, इथे अक्षराआधी. साधी जोडाक्षरे सहसा नीट येतात. ‘वर्गणी’, ‘दुर्मीळ’, ‘आर्थिक’, ‘कर्त्यांनी’ असे शब्द तपासले की साधन कितपत भरवशाचे ते कळते. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला फरक टिकला का, तेही पाहावे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्याआधीच्या फायलींत तो ‘अ’वर चंद्र बसवून किंवा आणखी कशाने साधलेला असतो, आणि शोधताना दोन्ही रूपे वेगळी निघतात. एवढे निस्तरल्याशिवाय पुढची पायरी चढताच येत नाही, कारण ज्या नावाला पत्ता द्यायचा ते नावच यंत्राला वाचता येत नाही.

इतके सांगून झाल्यावर उलट बाजूही सांगायला हवी. सगळाच मजकूर तोडून, खुणा करून, जोडून ठेवण्यासारखा नसतो. कादंबरीच्या पोटात शिरून पात्रांना पत्ते देत बसणे हा अभ्यासकाचा छंद असू शकतो. प्रकाशकाने त्यावर पैसा घालू नये. कादंबरीची बाहेरची नोंद चोख ठेवली की पुरे. कायदा, शेती, आरोग्य, पाककृती, कोश, पाठ्यपुस्तके, कविता आणि कथांचे संग्रह, नियतकालिकांचे जुने अंक, यांत मात्र वाचकाला खरा हवा असतो तो तुकडाच, आणि तिथे खर्च वसूल होतो. दोन माणसांच्या प्रकाशनसंस्थेने विधानांचा महागडा साठा विकत घेण्याचेही कारण नाही. नीट ठेवलेला एक एक्सेलचा तक्ता आणि संकेतस्थळावरच्या पुस्तकाच्या पानात स्कीमा डॉट ऑर्गच्या खुणा, इतके केले तरी शोधयंत्रांना लेखक कोण, आयएसबीएन कोणता, भाषा कोणती ते कळते. हा शब्दसंग्रह गुगल, याहू आणि बिंग यांनी २०११ मध्ये मिळून सुरू केला, आणि आज मराठी प्रकाशकाला फुकटात मिळणाऱ्या सोयींत तो सर्वांत कमी वापरला जात असावा.

पत्ते कुठले घ्यावेत यावर वाद आहे. काही जण म्हणतात, सरळ विकिडेटाचे क्रमांक वापरा, नवे कशाला काढता. फ्रीबेसचा अनुभव पाहिल्यावर मला हे धाडसाचे वाटते. घरच्या प्रत्येक लेखकाला, कृतीला, विषयाला घरचा क्रमांक असावा आणि त्याच्या शेजारी विकिडेटा, आयएसएनआय, ॲग्रोव्हॉक यांचे क्रमांक लिहून ठेवावेत. बाहेरचा एखादा कोश उद्या बुडाला तर एक रकाना रिकामा होईल. घर उभे राहील. मात्र घरचा क्रमांक अर्थहीन असावा. त्यात वर्ष, विभाग, मालिकेचे नाव कोंबण्याचा मोह सगळ्यांना होतो. विभाग बंद होतो, मालिकेचे नाव बदलते, आणि क्रमांक खोटे बोलू लागतो.

हक्कांचे प्रकरण मी शेवटी ठेवले असले तरी काही वाचकांनी ते आधी वाचावे. पुनर्वापर म्हटले की संपादकाला मजकूर दिसतो, वकिलाला करार. आपल्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. २०१२ च्या दुरुस्तीपासून, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते आणि करारात ज्याचा नावानिशी उल्लेख नाही, त्याचे हक्क हस्तांतरित झाले असे मानत नाहीत. दिवाळी अंकाचा संपादक कथेसाठी पाठवतो ते पत्र आणि मानधनाचा चेक, एवढाच पुष्कळदा करार असतो. कथा ऑडिओबुकात द्यायची वेळ आली की शोधाशोध सुरू होते. म्हणून कथेच्या नोंदीतच ही विधाने हवीत : हक्क कुणाकडे, कोणत्या माध्यमाचे, कोणत्या भाषेचे, कुठल्या प्रदेशासाठी, कधीपर्यंत, आणि ते सांगणारा कागद कोणत्या फायलीत आहे. ही विधाने जुळलेली असतील तर ‘पुढच्या वर्षी कोणत्या कथांचे हक्क संपतात’ हा प्रश्न विचारता येतो. आज तो बहुतेक ठिकाणी विचारताही येत नाही.

शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूची केली, १८०० पासून १९३७ पर्यंतच्या पुस्तकांची, आणि मग पुढची १९५० पर्यंतची. संगणक नव्हता, मानके नव्हती. गावोगावच्या ग्रंथालयांत पुस्तके हाताळून केलेल्या नोंदी होत्या. ‘दाते सूची’ अजून वापरात आहे, कारण तिच्यातली ओळख पटवलेली आहे : हा लेखक तो, ही आवृत्ती ती. पुढची प्रकरणे वाचताना मानकांची नावे बदललेली आढळली तर बिचकू नये; ती आणखी बदलतील. पहिल्या प्रकरणात एक कोरा तक्ता दिला आहे. त्यात आपल्या संस्थेच्या गेल्या पाच वर्षांच्या पुस्तकांतले लेखक, अनुवादक आणि चित्रकार भरायचे आहेत, एका ओळीत एक माणूस, सोबत छापलेली सगळी नावे. दोन ओळींतला माणूस एकच आहे अशी शंका आली तर फोन करून विचारावे, अंदाजाने जोडू नये. हा तक्ता भरायला बहुतेक संस्थांना महिनाभर लागतो. दुसरे प्रकरण त्या तक्त्याच्या पहिल्या रकान्यापासून, म्हणजे क्रमांकांपासून, सुरू होते.